खेळ सोडण्याआधी

चि. सई,

नववी लागली की खो-खो बंद, दहावी झाल्यावर पुन्हा बघू, असं तुमच्या घरी ठरत असल्याचं कळलं. अभ्यासाला माझा मुळीच विरोध नाही. पण शरीर दोन वर्षं वाट बघत थांबेल आणि मग सोडलं तिथून पुढे सुरू होईल, असं या बेतात गृहीत धरलंय. हाडांच्या बाबतीत ते खरं नाही.

प्रयोगशाळेतला सांगाडा पाहून हाड ही एकदा घडली की संपली अशी वस्तू वाटते. पण तान्ह्या बाळाच्या अंगातली तीनशेच्या आसपास हाडं जुळत जुळत मोठेपणी 206 उरतात. आज तुझ्या मनगटाचा एक्स-रे काढला, तर हाडाचा दांडा आणि त्याचं टोक यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसेल, जणू तिथं हाड मोडलंय. ती वाढीची कूर्चा. लांबी वाढते ती तिथंच. मुलींच्या हातापायांतल्या या रेघा साधारण सोळा-सतराव्या वर्षापर्यंत बुजतात. मग बारला लोंबकळा की डबाभर पावडर खा, उंची वाढत नाही. (पावडर विकणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं समजू नकोस.)

लांबी बरीचशी आईबापांकडून येते. जाडी आणि भरीवपणा मात्र हाडावर काय भार पडतो यावरही ठरतो. 1977 साली व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाच्या हाडांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा खेळणाऱ्या हातातल्या हाडाचं कवच दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे 35 टक्के, तर स्त्रियांत सुमारे 28 टक्के जाड निघालं. मुळात दणकट माणसंच टेनिसकडे वळत असतील, ही शंका रास्त आहे, पण इथं ती टिकत नाही. दोन्ही हात एकाच माणसाचे: आईबाप तेच, दूध तेच, ऊनही तेच. फरक फक्त रॅकेट कुठल्या हातात होती, एवढाच. ‘रोज दूध आणि नाचणीची भाकरी खाते, तेवढं पुरे’ या म्हणण्यालाही हेच उत्तर आहे. कॅल्शियम हवंच, त्याशिवाय हाड कशाचं बनणार? पण ते कुठे आणि किती रचायचं, हे धावण्या-उड्यांच्या दणक्यांवर बरंच अवलंबून असतं.

‘मग दहावीनंतर खेळेन की!’ हा तुझा खरा मुद्दा. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष 1995 साली प्रसिद्ध झाले. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास ज्यांनी खेळायला सुरुवात केली, त्यांच्या दोन हातांतला फरक उशिरा सुरू करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता. कॅनडात मुलांच्या वाढीचा वर्षानुवर्षं माग ठेवला, तेव्हा मोठेपणीच्या एकूण हाडातला सुमारे चौथा हिस्सा उंची झपाट्यानं वाढण्याच्या आसपासच्या दोनच वर्षांत भरतो असं दिसलं. मुलींमध्ये हा काळ बारा-तेराच्या आगेमागे येतो. तुझा तो आता सरत आलाय, आणि नेमकी हीच वर्षं आपण क्लासच्या बाकावर बसून काढायची ठरवतो! नंतरचा व्यायाम वाया जात नाही, पण त्याचं मुख्य काम कमावलेलं राखणं. तिशीपर्यंत साठा पुरा होतो, पुढे हळूहळू उतरतो आणि पाळी गेल्यावर वेगानं. आजीचं मनगट पडल्यावर मोडतं तेव्हा दोष फरशीला देतात; हिशेब त्याच्या पन्नास वर्षं आधीचा असतो.

आईची दुखापतीची भीती अगदीच खोटी नाही. वाढीची कूर्चा भोवतालच्या हाडापेक्षा नाजूक असते, म्हणून सामन्यांच्या आधी दिवसात दोनदा सराव, दुखत्या गुडघ्यावर पट्टी बांधून उतरणं, हे नको. गुडघा किंवा टाच सतत दुखत असेल तर डॉक्टरांना दाखव. पण स्पर्धा सोडणं वेगळं आणि मैदान सोडणं वेगळं. जिल्ह्याच्या संघातून नाव काढ हवं तर. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी अर्धा तास पळापळ ठेव. पोहणं, सायकल छान आहेत, पण त्यात हाडाला दणका बसत नाही. खो-खोतलं ते एकदम थांबणं, वळणं, सूर मारणं यात तो भरपूर बसतो. वेळापत्रकात ही अर्धी तासिका आधी लिही, क्लासच्या वेळा तिच्याभोवती बसव, आणि हे पत्र आईलाही वाचायला दे.

तुझी,
मावशी