ठासणीचं रिव्हॉल्व्हर आणि त्याची पेटी

प्रश्न : परदेशी लिलावांच्या सूचिपत्रांत एकोणिसाव्या शतकातली रिव्हॉल्व्हरं लाकडी पेटीत, सगळ्या सामानासकट मांडलेली दिसतात. तसंच सुटं रिव्हॉल्व्हर मात्र बरंच स्वस्त असतं. पेटीला एवढं मोल का? आणि ती मूळचीच आहे हे कसं ओळखतात?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ही रिव्हॉल्व्हरं ठासणीची आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवं. त्यांत तयार पितळी काडतूस जात नाही. १८५१ सालचं कोल्ट ‘नेव्ही’ घ्या. त्याच्या सिलिंडरला सहा घरं. प्रत्येक घरात पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीनं ती ठासायची आणि मागच्या निपलवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाई. म्हणजे गोळ्यांचा साचा, दारूची कुपी आणि टोप्या नसतील तर रिव्हॉल्व्हर हे नुसतं लोखंड. ब्रिटिश अधिकारी आपलं पिस्तूल बहुधा स्वखर्चानं घेत. म्हणून बंदूकवाले सगळा सरंजाम एकाच पेटीत घालून विकत. १८५७ मध्ये हिंदुस्थानात लढणाऱ्या कित्येक अधिकाऱ्यांकडे कोल्ट किंवा लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सची रिव्हॉल्व्हरं होती.

पेटीत काय काय असे? दारूची कुपी. हिच्या तोंडाची नळी एका बाराचं माप असते आणि खटका दाबला की तेवढीच दारू सुटते. गोळ्या ओतायचा साचा. निपल काढायची किल्ली, जिचं दुसरं टोक बहुधा स्क्रू पिळायला चालतं. तेलाची बाटली, नळी पुसायचा गज आणि ईली ब्रदर्सच्या टोप्यांची डबी. इंग्लिश पेटी महोगनीची किंवा ओकची. आत हिरवी बनात आणि सरळ पट्ट्यांनी पाडलेले खण. फ्रेंच धाटणीच्या पेटीत मखमलीच्या अस्तरात प्रत्येक वस्तूच्या आकाराची खोबण कोरलेली असते.

स्मिथ अँड वेसननं १८५७ मध्ये धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं आणि पुढच्या वीसेक वर्षांत ठासणीचा जमाना सरला. रिव्हॉल्व्हर आठवण म्हणून घरात राहिलं. साचा, कुपी मोडीत गेली. पेटीत दागिने नाहीतर कागद आले. म्हणून अखंड संच दुर्मीळ झाला, आणि म्हणूनच सुटं सामान जमवून ‘मूळचा’ संच बनवणंही फायद्याचं झालं.

पारख करताना जाणकार आधी बनातीकडे बघतात. शंभर-दीडशे वर्षं जड लोखंड एकाच जागी पडून राहिलं की सिलिंडरचा आणि चापाभोवतीच्या कडीचा दाब कापडावर उमटतो. तो ठसा आजच्या रिव्हॉल्व्हरशी जुळायला हवा. रिव्हॉल्व्हर खणात घट्टही नको, खुळखुळणारंही नको. खणाची पट्टी नंतर सरकवली असेल, तर मूळ जागी कापडाचा रंग गडद राहिलेला दिसतो. झाकणाच्या आत विक्रेत्याच्या नावापत्त्याचं लेबल असतं. दुकानं जागा बदलत, त्यामुळे पत्त्यावरून साल ताडता येतं.

पुढे आकडे तपासायचे. कोल्टच्या नळीवर, चौकटीवर, सिलिंडरवर एकच क्रमांक हवा. ॲडम्सच्या पाच बारी रिव्हॉल्व्हरांचं माप ‘बोअर’मध्ये मोजतात. ५४ बोअर म्हणजे एक पौंड शिशातून ५४ गोळ्या निघतील एवढा व्यास. रिव्हॉल्व्हर ५४ चं आणि साचा ३८ चा असेल, तर ती दोन वेगवेगळ्या घरची माणसं एका छपराखाली आणलेली आहेत, हे नक्की.

मला या पेट्यांचं अप्रूप वाटतं ते याचसाठी. शस्त्र कसं होतं हे सुटं रिव्हॉल्व्हर सांगतं. ते बाळगणाऱ्याला रोज काय काय करावं लागे, हे पेटी सांगते. म्हणून चांगला संग्राहक बनात बदलत नाही, डागांना पॉलिश लावत नाही, सामान सुटं विकत नाही. घासून चकाकवलेल्या नळीवरची मूळ निळी झिलई पुन्हा येत नाही.

आपल्याकडे एखाद्या वाड्यात असं काही सापडलं, तर हात लावण्याआधी थांबा. ठासणीचं हत्यार आजही भरलेलं असू शकतं आणि जुन्या टोप्या आजही उडू शकतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्यारांना सवलत आहे, पण त्यात हत्यार चालू शकतं की नाही हा मुद्दा येतो. निव्वळ जुनं आहे म्हणून परवाना नको, असं धरून चालू नका. १९७२ च्या पुराणवस्तूंविषयीच्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरची पुराणवस्तू खासगीरीत्या देशाबाहेरही नेता येत नाही. पेटी आहे तशी राहू द्या, सामान इकडचं तिकडे करू नका आणि पोलिसांच्या परवाना शाखेत विचारा. बाकीची पारख त्यानंतर निवांत करता येईल.