पडद्यावर दिसते ते सारे खरे का?

सिनेमा कोणाला आवडत नाही? दुष्टाला मार बसला की आपण टाळ्या पिटतो. मायलेकरांची ताटातूट झाली की डोळ्यांना पदर लागतो. गोष्ट रचलेली आहे हे ठाऊक असते, तरी मन हलतेच.

ही ताकद सरकारांनाही कळली. १९३९ ते १९४५ या काळात दुसरे महायुद्ध झाले. त्यात तोफा होत्या, विमाने होती, तसा सिनेमाही होता. लोकांनी लढायला उठावे, शत्रूचा राग धरावा, हाल निमूटपणे सोसावेत, म्हणून सरकारांनी चित्रपट काढवले. अशा चित्रपटाला प्रचारपट म्हणतात. तो आपले मन कसे वळवतो, ते पाहू.

पहिली युक्ती : हवे तेवढेच दाखवणे

युद्धाच्या आधी, १९३४ साली, जर्मनीत नुरेंबर्ग शहरी हिटलरच्या पक्षाचा मोठा मेळावा भरला. लेनी रिफेनश्टाल या बाईंनी त्याचा चित्रपट केला. तो १९३५ साली लोकांनी पाहिला. हिटलरचे विमान ढगांतून खाली येते. वाटते, जणू देवच उतरला. मग निशाणे, शिपायांच्या रांगा, जयघोष. हे सारे खरोखर घडले होते. पण हिटलरने आपल्या विरोधकांना छावण्यांत डांबले होते, तेही तितकेच खरे होते. ते मात्र पडद्यावर आले नाही.

दुसरी युक्ती : चित्र तेच, बोल वेगळे

पुढे अमेरिकेने आपल्या शिपायांसाठी सात चित्रपट काढले. ते फ्रँक काप्रा यांच्या देखरेखीखाली झाले. त्यांनी शत्रूच्याच चित्रपटांतले तुकडे घेतले आणि त्यांवर आपले निवेदन घातले. ज्या रांगा पाहून जर्मन माणसाची छाती फुगली, त्याच पाहून अमेरिकन शिपायाला धोका दिसला. हिटलरशी लढणे न्यायाचेच होते. पण बाजू न्यायाची असली, तरी युक्ती ती युक्तीच.

तिसरी युक्ती : माणसाला जनावर ठरवणे

१९४० साली जर्मनीत ज्यू लोकांविरुद्ध एक चित्रपट निघाला. त्यात आधी उंदरांचे थवे दाखवले आणि ज्यू लोक तसेच आहेत, असे सांगितले. उंदीर मारताना कोणाला दया येते? हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यू लोकांना ठार केले. एका सिनेमाने हे घडले असे नव्हे. पण शेजाऱ्याबद्दलची माया आटवायचे काम अशा चित्रांनी केले.

चौथी युक्ती : खोटे उभे करून त्याचे चित्र घेणे

तेरेझीन या गावी जर्मनांनी ज्यू लोकांना कोंडले होते. तिथे भूक होती, रोगराई होती. १९४४ च्या जूनमध्ये रेडक्रॉसची माणसे पाहणीला आली. त्याआधी घरे रंगवली, बागा लावल्या. मग तिथेच चित्रपट घेतला. त्यात लोक गाणे ऐकतात, चेंडू खेळतात. तो कुर्ट गेरोन या कैदेतल्या ज्यू नटाकडूनच करवून घेतला. काम होताच त्याला आणि त्यात दिसणाऱ्या बहुतेकांना आउश्वित्झच्या छावणीत धाडले. गेरोनला तिथे त्याच साली मारले. पडद्यावर हसणारी माणसे मरणाच्या दारात उभी होती.

आपल्या देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. १९४२ साली लोकांनी त्यांना ‘चले जाव’ म्हटले. पुढारी तुरुंगात गेले. १९४३ साली सरकारने हुकूम काढला, की प्रत्येक सिनेमागृहात सरकारमान्य चित्रफिती दाखवल्याच पाहिजेत. लोक तिकीट काढून करमणुकीला जात, आणि त्यांना सरकारची युद्धाची बाजूही पाहावी लागे.

आता चित्रे मोबाइलवर घरोघर येतात. युक्त्या मात्र त्याच आहेत. म्हणून कोणाचा राग यावा असे चित्र दिसले, तर घटकाभर थांबावे आणि स्वतःला चार प्रश्न विचारावे :

हे कोणी काढले, आणि कशासाठी?
यात काय दाखवलेले नाही?
आवाज बंद केला, तर हेच वाटेल का?
समोरचा माणूस यात माणूस म्हणून दिसतो का?

धान्य आपण पाखडून घेतो. डोळ्यांनी पाहिलेलेही तसेच पाखडून घ्यावे.