वक्रीभवन की अपवर्तन?

प्रश्न : आम्ही शाळेत ‘वक्रीभवन’ शिकलो, मुलीच्या दहावीच्या पुस्तकात ‘अपवर्तन’ आहे. दोन्ही एकच का? खोडदच्या दुर्बिणीच्या बातमीत ‘गुरुत्वीय भिंग’ वाचलं, तोही हाच प्रकार का? (एक वाचक, मंचर)

उत्तर : पहिल्या शंकेला हो, दुसरीला नाही.

विहिरीत तिरपा धरलेला बांबू पाण्यापाशी मोडल्यासारखा दिसतो, त्यामागच्या घडामोडीची ही दोन नावं. मराठी विश्वकोशात तिसरंही सापडतं, ‘प्रणमन’. त्यात नमस्कारातलाच ‘नम्’, म्हणजे वाकणं. ‘अपवर्तन’ म्हणजे बाजूला वळणं. माघारी वळणारं ‘परावर्तन’ हे त्याचं सख्खं भावंड. ‘वक्रीभवन’ म्हणजे वाकडं होणं. पंचांगातला शनी होतो तोच हा ‘वक्री’!

पाण्यात प्रकाशाचा वेग हवेतल्यापेक्षा कमी, साधारण पाऊणपट असतो. त्यामुळे तिरपा किरण हवेतून पाण्यात किंवा पाण्यातून हवेत जाताना दिशा बदलतो. पण ती फक्त पृष्ठभागाशी. त्याच्या अलीकडे आणि पलीकडे तो सरळच धावतो. ‘वक्रीभवन’ ऐकलं की कमानीसारखा किरण डोळ्यांपुढे येतो, म्हणून मला ‘अपवर्तन’ बरं वाटतं.

आता खोडद. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांपैकी एकीतही भिंग नाही. त्यांची तारेची जाळी रेडिओ लहरी फक्त परावर्तित करते. बातमीतलं भिंग होतं दूर अवकाशात. सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनमधून निघालेल्या लहरी इथे टिपल्या गेल्या, हे 2023 मध्ये जाहीर झालं. निघताना 21 सेंटिमीटर लांबीची लहर विश्वाच्या प्रसरणामुळे ताणून 48 सेंटिमीटरची झाली होती. इतका क्षीण संकेत मिळाला, कारण वाटेत दुसरी दीर्घिका आडवी आली आणि तिच्या गुरुत्वाने तो सुमारे 30 पट वाढवला.

इथे ना काच, ना पाण्याचा पृष्ठभाग. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार वस्तुमानाभोवती अवकाश-काळच वक्र होतो आणि प्रकाश त्या वळणाने हळूहळू वाकतो. 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याजवळच्या ताऱ्यांच्या जागा किंचित सरकलेल्या दिसल्या, त्या यामुळेच. आपलं जुनं ‘वक्रीभवन’ खरं तर इथे शोभलं असतं.

काच जांभळ्या रंगाला तांबड्यापेक्षा जास्त वळवते, म्हणून लोलकातून रंग फाकतात. गुरुत्व मात्र रंगभेद करत नाही. दृश्य प्रकाश असो की खोडदला ऐकू येणारी रेडिओ लहर, वळण सारखंच. शिवाय बहिर्वक्र भिंग कडेच्या किरणांना जास्त वाकवून एका बिंदूत आणतं. गुरुत्वाचं उलट : जवळून जाणारा किरण जास्त वळतो, लांबचा कमी. त्यामुळे मागची दीर्घिका ठिपक्याऐवजी अनेकदा कमानींसारखी दिसते, आणि दोन्ही नेमक्या एका रेषेत आल्या तर चक्क अंगठीसारखी.