तळहात, ताड आणि ओंजळ : एका शब्दाचा अभ्यास



घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या बाजूच्या आपल्या वस्त्यांतील पुष्कळ मुले आता इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या पुस्तकात ‘पाम’ हा शब्द येतो. एका पानावर त्याचा अर्थ झाड असा असतो, तर दुसऱ्या पानावर तळहात. झाडाला आणि हाताला एकच नाव कसे, असे मूल आईला विचारते. आईने त्याला गप्प बसवू नये. या एका शब्दाच्या आधाराने घरात धम्माचा चांगला पाठ होऊ शकतो.

लॅटिन भाषेत ‘पाल्मा’ म्हणजे तळहात. ताडाचे पान पंजा पसरल्यासारखे दिसते, म्हणून झाडालाही तेच नाव पडले. मराठीत मात्र ताड, माड, पोफळ, शिंदी, खजूर अशी निरनिराळी नावे आहेत. इंग्रजीत ही सारी ‘पाम’च. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर ‘आनंदाचा शिधा’ म्हणून जे पामतेल मिळाले, तेही याच कुळातील, मूळच्या आफ्रिकेतील झाडाच्या फळाचे.

१. झाड

पालीत ताडाला ‘ताल’ म्हणतात. ताडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याला. शेंडा छाटला की झाड पुन्हा फुटत नाही. म्हणून तृष्णा कायमची नष्ट झालेल्या माणसाला सुत्तांत शेंडा तुटलेल्या ताडाची उपमा दिली आहे.

याच झाडाने माणसाला दोन वस्तू दिल्या, पान आणि ताडी. पान उकळून, वाळवून त्यावर लोखंडी कंटकाने अक्षरे कोरीत व काजळी चोळीत. इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपातील भिक्खूंनी अशाच पानांवर त्रिपिटक लिहून काढले, असे तेथील परंपरा सांगते. ताडीने मात्र कित्येक घरांतील मजुरी आणि मुलांची पुस्तके गिळली. आपण पाचवे शील घेतले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला पूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. एकाच झाडातून काय घ्यावे, हे आपल्या हाती आहे.

२. ओंजळ

दोन तळहात जोडून पोकळी केली की ओंजळ होते. हा शब्द ‘अंजलि’वरून आला. आपल्या वाडवडिलांना ही ओंजळ चांगली ठाऊक होती. विहिरीला हात लावायची बंदी होती. कोणी दया करून वरून पाणी सोडले, तर खाली ओंजळ धरून ते प्यायचे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी स्वतः पाणी घेतले, आणि त्यांच्यामागून हजारोंनी घेतले. ओंजळ तीच होती. पण त्या दिवशी ती कोणाच्या दयेखाली धरलेली नव्हती, हक्काच्या पाण्यात बुडवलेली होती.

संघवंदनेत आपण ‘अञ्जलिकरणीय’ हा शब्द म्हणतो. हात जोडून ज्याचा आदर करावा असा, हा त्याचा अर्थ. म्हणजे आपले हात भीतीने जोडायचे नाहीत, गुण पाहून जोडायचे.

३. रेषा

धम्म स्वीकारूनही काही घरांत मुलीचे लग्न ठरवताना तिचा हात कोणाला तरी दाखवतात. तळहाताच्या मुख्य रेषा म्हणजे मुठीच्या घड्या होत. त्या आईच्या पोटातच, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास उमटू लागतात. त्यांत नवरा, नोकरी किंवा आयुष्य लिहिलेले नसते. दीघनिकायातील पहिल्या, ब्रह्मजाल सुत्तात अंगावरची चिन्हे पाहून भविष्य सांगणे ही हीन विद्या म्हटली आहे. तथागत तिच्यापासून दूर राहिले. “हिच्या हातात शिक्षण नाही” असे कोणी सांगावे आणि आपण मुलीची शाळा सोडवावी, यासारखे नुकसान नाही. हाच निकाल पूर्वी जन्मावरून दिला जात होता. तो नाकारूनच आपण येथवर आलो.

४. मूठ

तळहात मिटला की मूठ होते. आपल्या शेवटच्या दिवसांत वेळुव गावी तथागतांनी आनंदाला सांगितले, की धम्म शिकवताना आपण गुरूची झाकली मूठ ठेवली नाही. पालीत तिला ‘आचरियमुट्ठि’ म्हणतात. खास शिष्यासाठी राखून ठेवलेली विद्या, असा त्याचा अर्थ. आपल्या आजोबांना अक्षरे मिळाली नाहीत ती अशाच मिटलेल्या मुठींमुळे.

बोरिवलीजवळ कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यात, चैत्यगृहाच्या ओसरीत, बुद्धांच्या दोन भव्य उभ्या मूर्ती आहेत. उजवा हात खाली सोडलेला, तळवा आपल्याकडे उघडा. ही वरदमुद्रा, म्हणजे देणारा हात. मुलांना तेथे नेऊन हा तळवा अवश्य दाखवावा.

घरचा अभ्यास : रविवारी वंदनेनंतर मुलांना विचारा –
१) ताडाच्या झाडापासून माणसाने कोणत्या दोन वस्तू घेतल्या? त्यांचे काय परिणाम झाले?
२) महाडपूर्वीची ओंजळ आणि महाडची ओंजळ यांत फरक कोणता?
३) आपल्याला येणारी कोणती विद्या आपण शेजारच्या मुलाला शिकवली?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांनीही द्यावे.