घरातील वीज : लक्षणे आणि निदान

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची हिवाळ्यातील सकाळ. कोहिनूरजवळच्या एका वाडीतून तिशीच्या आतील एका तरुणाला जीपमध्ये घालून माझ्या दवाखान्यात आणले. न्हाणीत कोसळला, एवढेच सोबतचे सांगत होते. नाडी नव्हती, अंग थंड पडू लागले होते. भाजल्याची खूण कोठेही नव्हती. ‘हृदयविकाराचा झटका असावा,’ असे मी बोलून गेलो आणि माझ्या शब्दावर विसंबून घरच्यांनी त्याच दिवशी अंत्यविधी उरकला. तिसऱ्या दिवशी त्याच न्हाणीत धाकट्या भावाने लोखंडी बादलीत पाणी तापवायचा रॉड सोडला, आणि पाणी कितपत तापले ते पाहण्यासाठी बादलीला हात लावला. तो मागे फेकला गेला, म्हणूनच वाचला.

घरगुती विजेने, विशेषतः ओल्या अंगाला धक्का बसून मृत्यू येतो, तेव्हा त्वचेवर डाग उमटेलच असे नाही. हे मी विद्यार्थिदशेत वाचले होते. वेळेवर आठवले नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2021 साली देशात विजेच्या धक्क्याने बारा हजारांहून अधिक माणसे दगावली. माझ्या हातून निसटला तसा मृत्यू असल्या आकड्यात येत नाही.

त्या घटनेने मला एक प्रश्न विचारण्याची सवय लावली. काही वर्षांनी एक मध्यमवयीन बाई हाताला मुंग्या येतात म्हणून आल्या. मधुमेह नव्हता, मानेचा दोष दिसेना. मुंग्या केव्हा येतात, असे विचारले तेव्हा त्या सहज म्हणाल्या, “धुणं धुताना, डॉक्टरसाहेब. आमचा नळ जरा करंट मारतो. पायात चप्पल असली की काही होत नाही.” घरातील सर्वांना हे ठाऊक होते. त्यावर उपाय म्हणून नळाजवळ रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवलेला होता!

ही मुंगी म्हणजे रोगाचे पूर्वलक्षण होय. आपल्याकडे विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. कोरड्या, राठ हाताचा विरोध पन्नास हजार ओहम धरला तर शरीरातून चार-पाच मिलिअँपिअर प्रवाह जातो. माणूस दचकतो आणि हात काढून घेतो. अंग ओले, पाय अनवाणी आणि फरशीवर पाणी असले, की तोच विरोध हजार ओहमपर्यंत उतरतो व प्रवाह 230 मिलिअँपिअरवर जातो. बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखविले, की सरासरी पुरुषाला सोळा आणि स्त्रीला साडेदहा मिलिअँपिअरच्या वर पकडलेली वस्तू सोडता येत नाही. सुमारे शंभर मिलिअँपिअर प्रवाह एक-दोन सेकंद छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरत राहते. नळातला दोष तोच असतो. बदलते ती आपली त्वचा.

त्या बाईंच्या घरी मी वायरमनला घेऊन गेलो. हौदावरील मोटारीच्या आतील वेष्टन झिजून तिच्या लोखंडी अंगात वीज उतरली होती, आणि लोखंडी पाइपातून ती नळापर्यंत पोचत होती. तीन पिनांपैकी जाड पिन कोणीतरी कापून टाकली होती, कारण बोर्डाला दोनच भोके होती. ती पिन जाड आणि लांब असते ती उगीच नव्हे. अर्थिंगची जोडणी सर्वांच्या आधी व्हावी, अशी त्यात योजना आहे. ती शाबूत असती तर गळतीची वीज जमिनीत गेली असती आणि फ्यूज उडाला असता. पण फ्यूज तरी कसला? वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तांब्याची तार पिळून बसविली होती. तापाचे निदान न करता थर्मामीटर फोडून टाकावा, त्यातला हा प्रकार.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट घडली आहे. माळवदाच्या घरात वायर लाकडी पट्टीवरून जात असे. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर माळवदाची धास्ती बसली आणि पत्र्याची घरे वाढली. वायर मात्र तीच जुनी, लोखंडी अँगलवरून ओढलेली. आणि त्याच अँगलला कपडे वाळत घालायची तार. वाऱ्याने घासून वायरीचे वेष्टन गेले, की सारे घरच विजेचे होते. पावसाळ्यापूर्वी शिडी लावून एवढे तरी पाहावे. गरम लागणारा प्लग, बोर्डाभोवतीचा तपकिरी डाग, जळका वास, एका खोलीत दिवे मंद तर दुसरीत अतिप्रखर, याही तक्रारी थांबण्याजोग्या नव्हेत.

एमसीबी बसविला म्हणजे माणूस सुरक्षित झाला, हा गैरसमज सुशिक्षितांतही आहे. एमसीबी वायरीला जपतो. माणसाचा जीव घेणारा शंभर मिलिअँपिअर त्याच्या खिजगणतीत नसतो. त्यासाठी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांची तुलना करून तो फरक दिसताच पुरवठा तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे.

कोणी चिकटलाच तर आधी मेन स्विच बंद करावा. धावत जाऊन कवटाळणारा दुसरा बळी ठरतो. बेशुद्धाला वाळूत पुरण्याची रीत अजून काही वाड्यांत आहे, त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर 108 ला कळवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब द्यावेत. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की न्हाणीत वा नळाजवळ कोसळलेल्या तरुणाचे शवविच्छेदन झाल्यावाचून कारण उच्चारू नये. घरच्यांना त्या खोलीतील वीज लगेच बंद करावयास सांगावे.

त्या बाईंच्या मुंग्या मोटार दुरुस्त झाल्यावर थांबल्या. आमच्या जांभ्या मातीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन घागरी पाणी ओतण्याचे काम त्यांच्या सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे.