वेबसाइट लाइव्ह आहे, पण गुगलवर दिसत नाही? पैसे देण्याआधी हे तपासा

बॅचमध्ये दरवेळी निदान एकजण तरी विचारतोच, "सर, वेबसाइट करून महिना झाला, गुगलवर दुकानाचं नाव टाकलं तरी येत नाही. एसइओ करून घेऊ का?" थांबा. आधी गुगलला तुमचं दुकान माहीत तरी आहे का, ते बघू.

आपण सर्च करतो तेव्हा गुगल त्या क्षणी इंटरनेटवर शोधायला निघत नाही. त्याने आधीच लिहून ठेवलेल्या वहीत बघतो. ही वही भरायचं काम दोन टप्प्यांत होतं. पहिला क्रॉलिंग. गुगलबॉट नावाचा प्रोग्रॅम एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जात राहतो, म्हणजे एका दुकानात पुढच्या दुकानाचा पत्ता विचारत फिरणाऱ्या सेल्समनसारखा. तुमच्या पानाकडे कुठूनच लिंक नसेल, तर तो येणार कसा?

दुसरा टप्पा इंडेक्सिंग. आपण रोजमेळावरून खतावणी करतो ना, अगदी तसंच. 'भाजणी' या शब्दाचं एक खातं, आणि हा शब्द कोणकोणत्या पानांवर आहे त्याची तिथे नोंद. खतावणीत नोंदच नाही तर पहिला नंबर, दहावा नंबर हा विषयच येत नाही. आणि क्रॉल झालेलं प्रत्येक पान इंडेक्समध्ये जातंच असंही नाही. दोन ओळींचं किंवा दुसरीकडून जसंच्या तसं उचललेलं पान गुगल बाजूला ठेवू शकतो.

आता खरी गडबड कुठे होते ते सांगतो. घरगुती मसाले विकणाऱ्या एका ताईंची साइट दिवाळीच्या तोंडावर गुगलवर कुठेच नव्हती, आणि त्या एसइओ पॅकेजचा ॲडव्हान्स भरायच्या बेतात होत्या. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये रीडिंग हा भाग उघडला, तर सर्च इंजिनला साइट इंडेक्स करू नका असं सांगणारी टिक तशीच! साइट बनत असताना ती टिक ठेवणं बरोबरच असतं, काढायचं राहून जातं. टिक काढायला फुकट, वेळ दहा सेकंद.

ही टिक पानावर 'नोइंडेक्स' अशी सूचना लावते. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही फाइल वेगळी. १९९४ पासून चालत आलेली पद्धत आहे. ती बॉटला फक्त "या गल्लीत येऊ नको" एवढंच सांगते. दोन्ही एकदम लावलं तर मजा बघा: बॉट आतच येत नाही, म्हणून नोइंडेक्सची पाटी त्याला वाचताच येत नाही. मग दुसऱ्या कुणी लिंक दिली असेल तर नुसता पत्ता गुगलवर दिसू शकतो. लपवायचं पान असेल तर हे लक्षात ठेवा.

अजून एक. पूर्ण रेटकार्ड व्हॉट्सॲपसारखं एकाच फोटोत टाकू नका. वस्तूचं नाव, वजन, भाव, गाव हे पानावर टाइप करा. आणि साइट मोबाइलवर उघडून बघा; गुगल इंडेक्ससाठी मोबाइलवर दिसणारं पानच धरतो.

तपासायचं कसं? गुगल सर्च कन्सोल, फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करा, वरच्या चौकटीत पानाचा पत्ता टाका, पान इंडेक्समध्ये आहे की नाही ते कळेल. नसेल तर कारण वाचा, दुरुस्त करा, मग इंडेक्सिंगची विनंती पाठवा. साइटमॅपही तिथेच द्या. पण ही विनंतीच आहे, ऑर्डर नाही. काही दिवस ते काही आठवडे लागू शकतात, आणि रोज बटण दाबून काम लवकर होत नाही.

कुणी म्हणालं, "पैसे द्या, गुगलकडून लवकर क्रॉल करून देतो," तर सरळ नाही म्हणा. गुगल जास्त वेळा क्रॉल करायचे पैसे घेतच नाही.