कॅसेट, मोबाईल आणि आजोबांचं बोट

'युजर इंटरफेस' आपण परीक्षेपुरता वाचतो. मला तो आजोबांनी शिकवला.

आमच्या घरी आजीच्या आवाजातल्या ओव्यांची एक सी-६० कॅसेट आहे. आजी गेल्यापासून आजोबा ती रोज संध्याकाळी ऐकायचे. फीत झिजेल म्हणून मी तिची एमपीथ्री करून त्यांच्या मोबाईलमध्ये टाकली आणि टेपरेकॉर्डर माळ्यावर ठेवला. (केवढा अभिमान वाटला होता!) दिवाळीत घरी गेलो तर कळलं, पाच महिने आजोबांनी ओव्या ऐकल्याच नाहीत.

"तुला किती वेळा फोन करून विचारणार? अभ्यास असतो तुझा."

मग शेजारी बसून नुसता बघत राहिलो. मोबाईलची काच दाब ओळखत नाही, बोटामुळे कपॅसिटन्समध्ये होणारा बदल ओळखते. म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, बदल कमी होतो. आजोबा मग आणखी जोरात आणि जास्त वेळ दाबतात. त्याचा अर्थ मोबाईल 'लाँग प्रेस' असा घेतो आणि विचारतो, डिलीट करू? आजोबा घाबरून मोबाईल ठेवून देतात.

टेपरेकॉर्डरचं बटण 'खट्ट' वाजून खालीच राहतं, चालू की बंद ते अंधारातही कळतं. फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते, म्हणजे अर्ध्या तासाच्या एका बाजूला साधारण ८६ मीटर. किती उरली ते खिडकीतून दिसतं, आणि काल थांबली तिथूनच आज सुरू होते. लक्षात ठेवायचं काम कॅसेटच करते!

पण कॅसेट सोपी म्हणावी, तर माझी सात वर्षांची चुलतबहीण तिच्यापुढे हरली. "पुढचं गाणं कुठंय?" रिवाइंड म्हणजे काय हेच तिला पटेना. म्हणजे 'सोपं' हे बरंचसं तरुणपणी हाताला लागलेलं वळण. सगळंच नाही हं. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसणं ही काही सवय नव्हे.

सारेगामाने २०१७ साली 'कारवां' आणला. आत ५००० गाणी डिजिटल, बाहेरून जुना रेडिओ, फिरवायचं बटण. मला घरात बसून जे सुचलं नाही ते त्यांना सुचलं. पण त्यात आजी नाही ना!

असो. टेपरेकॉर्डर खाली काढला. रबरी पट्टा सैल पडला होता, नवा मिळायला तीन दुकानं पालथी घातली. एमपीथ्री आता माझ्याकडे हॉस्टेलवर आहे, फीत तुटलीच तर म्हणून. कॅसेट आजोबांकडे.